डब्यातलं वालाचं बी

६ एप्रिल
इंग्लंडहून येऊन दोन महिने झाले. मी आलो, सुमन तिथंच आहे, पोराकडे, अभयकडे. नात झाली म्हणून दोघं गेलो होतो सहा महिन्यांसाठी. मी तीन आठवड्यांत पळालो. ते गाव मले मानवलंच नाई. एक रस्ता, दगडी घरं, चर्च, चर्चच्या अंगणातच कबरी, तळ्यात बदकं. दिवसातून तीन बस, त्याही रिकाम्या. चार वाजता अंधार. कुणाच्या घरातून भांडं पडल्याचाही आवाज नाई. तीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमधे काढलेल्या माणसाले तिथं झोप कशी येईल?
वरण आज पुन्हा करपलं.

१५ एप्रिल
व्हिडिओ कॉल. सु. नं चालता चालता गाव दाखवलं. कुंपणाच्या झुडपांले पांढरी फुलं, कोकरं, शेतातून पायवाट. वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते अन् मालक काही म्हणत नाई. फाटक तेवढं लावून घ्यायचं. सु. नं लावलं, कडी बसली का तेही पाह्यलं. जशी काही जन्मलीच तिथं!
"अहो, इथं सारे मले सुमन म्हणतात," म्हणे. "तिथं मी आपली भोयरची बायको."
मी बरं म्हटलं अन् फोन ठेवला. मी तिले काय म्हणत होतो? "ऐकून राहिली का." बस, एवढंच.

२३ एप्रिल
चर्चच्या मागे भाजीचे वाफे आहेत, गावातल्या लोकांले वाटून दिलेले. टॉम नावाच्या म्हाताऱ्यानं आपला अर्धा वाफा सु. ले दिला. जास्तीची भाजी तिथले लोक फाटकाजवळ ठेवून देतात, ज्याले पाह्यजे तो नेते. सु. नं मेथी ठेवली तर तासाभरात संपली म्हणे. टॉम ऐंशीच्या वरचा, एका कानानं बहिरा. त्याचा काय राग धरायचा? पण आला.
इथं मागच्या अंगणात तिची भाजी होती, तर स्कूटरले शेड पाह्यजे म्हणून अर्धी जागा मीच खाल्ली.

३० एप्रिल
सु. चा हुकूम. "स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डबा आहे, राखेत वालाचं बी आहे. अभयचा दोस्त दहा तारखेले रायपूरहून निघते, त्याच्यापाशी द्या. टॉमच्या काचेच्या घरात लावून पाहीन. अन् तिकीट पुढे ढकललं मी. दिवाळीपर्यंत."
पहिले बी, मंग तिकीट!
हे बी तिच्या आईचं, भंडाऱ्याकडचं. लग्न होऊन भिलाईले आली तेव्हा पदरात बांधून आणलं. दर वर्षी मोठे दाणे काढून राखेत ठेवते, कीड लागू नये म्हणून. बाजारात हा वाल भेटत नाई.

२ मे
पंचेचाळीस डिग्री. कूलरची मोटर गेली. डबा काढला. राख झटकून सारे दाणे भिजू घातले.

३ मे
उसळ केली. तिखट जास्त झालं. दोन्ही वेळा तीच खाल्ली. गोड लागली नाई, पण संपवली.

११ मे
दोस्त काल रिकाम्या हातानं गेला. आज सु. चा फोन.
"बी कुठं आहे?"
"खाल्लं."
"काय?"
"उसळ केली."
भांडली असती तर बरं झालं असतं. मागे चर्चची घंटा वाजत होती. ती थांबली. मंग म्हणे, "मंग आता तिथं माझं काय राह्यलं?"
मी आहो ना, एवढं म्हणता आलं असतं.

२० मे
तिचा फोन नाई. अभयचा आला. "बाबा, आपने ऐसा क्यों किया यार? टॉमनं वेलीसाठी जागा रिकामी ठेवली होती. आई तिथं खुर्ची टाकून बसून राहते."
खरं इथंच लिहितो. गाव चांगलं आहे, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. नावं ठेवाले काही सापडेना, म्हणून चीड आली. तिथं मी असलो काय, नसलो काय, कुणाले फरक नव्हता. तिलेही नव्हता.

२८ मे
कुम्हारीच्या बाजारात वालाचं बी शोधलं. बाई म्हणे, "लेग जा न कका, एही तो सेमी आय." सेमी म्हणजे इकडचा वालच, पण दाणे तांबूस होते. आपला पांढरा. तसाच परत आलो.

८ जून
शेडवर चढलो. पत्र्यावर तिच्या वालाची गेल्या हंगामातली वाळकी वेल. दोन शेंगा राहून गेल्या होत्या. एक किडलेली. दुसरीत तीन दाणे, पांढरे. दाणे राखेत ठेवले.

१२ जून
शेडचा पत्रा काढला. स्कूटर उघड्यावर. माती खणून आळं केलं. सिविक सेंटरच्या बाजारातून टपालाचं पाकीटही आणलं. तीन दाणे पाठवले तर वेल तिथं चढेल, मंग सु. कायले येते? इथं लावले तर तिले न विचारता लावले, पुन्हा माझंच खरं केलं.
विचारावं म्हणून फोन लावला. तिनं उचलला.
"सुमन," म्हटलं.
मंग म्हणे, "कोण बोलून राहिलं?"
मीच फोन ठेवला. दाणे अजून राखेतच आहेत.