अड्यारच्या टाकीतलं शेवाळ

३ फेब्रु., सोम.
अड्यारच्या दातांच्या दवाखान्यातली माशांची टाकी आजपासून माझी. मालक अण्णानं दुकानाच्या फळ्यावर टाकीपुढं माझं नाव लिहिलं. दोन वर्षं त्याच्या दुकानात काचा घासल्या, त्यानंतर ही पहिली. तीही दुसऱ्या कुणाला नको म्हणून.
चार फुटी, खरी झाडं. पण पानांच्या कडांना शेवाळाची काळी दाढी, काच हिरवी, लांब पात्यांच्या गवतात धाग्यांचा गुंता. इथं चेन्नईत शेवाळाला पासी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीला साफ दिसली तर राहील. नाहीतर काढायची, त्या भिंतीला टीव्ही.
येताना गाडीवर अण्णा म्हणाला, "तंबी, ही गेली तर तू परत काचेवर." हसत म्हणाला. पण म्हणाला.

६ फेब्रु., गुरु.
आधी टाकीचा लाईट सकाळी दवाखान्याचं दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू असायचा. शेवाळ येणार नाही तर काय. टायमर बसवला, दुपारी बारा ते सहा. खराब पानं कापली, निम्मं पाणी बदललं. डॉ.ना तमिळमधून समजावलं, लाईट जास्त तर पासी जास्त. माझी तमिळ ऐकून खुर्चीतला पेशंट उघड्या तोंडानंच हसला.
निघताना दादाचा फोन. बोलून ठेवला तर काउंटरवरच्या कमलाअक्का म्हणाल्या, "मराठी का रे तू?" मी उडालोच. पन्नाशीच्या, नाकात दोन्हीकडं चमक्या. त्यांचे लोक शेकडो वर्षांपूर्वी तंजावरला आलेले. मराठी आमच्यासारखीच पण जुनी, चालीवर म्हटल्यासारखी, मधेच तमिळ. अर्धं कळलं. तरी बरं वाटलं.

१० फेब्रु., सोम.
काच परत हिरवी. चार दिवसांत?
पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन येतं म्हणून तिथं कागद लावला. माशांचं खाणं दिवसाला एकदाच करायला सांगितलं.
दादानं माझ्यासाठी पुण्यात एका गोडाऊनला नोकरी बघितलीय. "मासे धुवून कुणाचं भलं झालंय?" म्हणाला. त्याचं चुकत नाही. आठवीत शाळा सोडली, सोळाव्या वर्षी मामाच्या गलाईच्या दुकानात म्हणून इथं आलो. सोनं वितळवायचं. ॲसिडचा वास सहन होईना, पळालो. मग हॉटेल, कुरिअर, पंक्चर, लिफ्टवर माणूस. सहा महिने झाले की पाय खाजतात. इथं दोन वर्षं झाली आणि अजून...

१३ फेब्रु., गुरु.
आणखी वाईट. धागे बोटभर वाढले. टायमर तपासला, वेळ बरोबर. मग हे खातंय काय?
अण्णा म्हणतो बाटलीतलं औषध टाक, दोन दिवसांत साफ. त्यानं टाकीतली कोळंबी मरते, आणि झाडंही अर्धी. नाही म्हणालो. तोंडावर नाही म्हणायची पहिलीच वेळ. अण्णा बघत राहिला. "सरी, तुझी टाकी."
मग शेवटचा उपाय. तीन दिवस पूर्ण अंधार. झाडांना मुळांत साठा असतो, ती टिकतात. शेवाळाला नसतो. टायमर काढून बाजूला ठेवला, काळं कापड चारी बाजूंनी गुंडाळून चिकटपट्टी लावली. डॉ.ना सांगितलं, सोमवारी मीच उघडणार. त्यांनी मान हलवली.

१७ फेब्रु., सोम.
जाऊन बघतो तर कापड घडी करून स्टुलावर, इस्त्री केल्यासारखं. लाईटचा प्लग थेट भिंतीत, चालू. धागे मजेत.
डॉ. म्हणाले मी हात नाही लावला. अक्का काउंटरवरनं म्हणाल्या, मी काढलं. काही लपवाछपवी नाही.
"शुक्रवारी, दिवा लावायच्या वेळेला, दारासमोर काळं कापड? कोणी गेल्यासारखं."
मग त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि तुझा तो टायमर बिघडलाय रे. रोज बरोबर सहाला विझतो, मी देवापुढं विळक्कु लावते त्याच वेळी. म्हणून त्याच्या बाजूचं बटण दाबून मी लावते रोज. जाताना बंद करते, कधी राहतं. डॉक्टरना नाही सांगितलं. तुला बोलतील."
म्हणजे मला वाचवत होत्या.
काहीतरी बोललो असतो म्हणून बाहेर पडलो. कोपऱ्यावर दोन चहा घेतले. दुसऱ्या चहाला आई आठवली. दिवेलागणीला ओट्यावरचा बल्ब कुणी बंद केला तर केवढी ओरडायची, आत्ता लक्ष्मी यायची वेळ म्हणून. अक्काचं काय चुकलं मग. दिवसभर टाकीसमोर बसतात त्या, आणि मी मोडक्या तमिळमध्ये डॉ.ना समजावत बसलो. जिच्याशी माझ्या भाषेत बोलता आलं असतं तिला एक शब्द नाही.
परत गेलो, सॉरी म्हणालो. अक्का म्हणाल्या, "कशाला रे?" सगळं सांगितलं. मग त्याच रडवेल्या झाल्या.

२० फेब्रु., गुरु.
ठरलं. टायमर दुपारी तीन ते रात्री नऊ. सहाच तास, पण दिवेलागणीला टाकी उजळलेली. अक्का बटणाला हात लावणार नाहीत.
अंधाराचं परत विचारलं. त्यांनी कॅलेंडर उतरवलं, बोट फिरवलं. "शुक्र आणि मंगळ सोड. मधले तीन तुझे." शनिवारी सकाळी झाकायचं, मंगळवारी सकाळी उघडायचं. तीन संध्याकाळी त्या स्वतःची तेलाची पणती कापडाजवळच्या स्टुलावर ठेवणार. पणतीनं शेवाळ वाढेल का विचार केला. नाही वाढणार. कापडाला आग नको म्हणून स्टूल दोन हात लांब सरकवलं.
काळी दाढी अंधारानं जात नाही. तिला वेगळं औषध लागतं, पेरॉक्साइड. डॉ.कडं चूळ भरायला तेच असतं हे आजच कळलं. त्यांनी बाटली दिली, वर दातात औषध सोडायची वाकडी सुई पण. फिल्टर बंद करून एकेका झुपक्यावर थेंब थेंब सोडलं. डॉ. मागं उभे. "हात हलत नाही तुझा," म्हणाले. पेशंट थांबला होता तरी उभे राहिले.

२५ फेब्रु., मंगळ.
कापड जागेवर. स्टुलावर वातीची काजळी.
उघडलं. धागे पांढुरके, हात लावला की सुटून येतात. बादलीभर काढले. काळी दाढी गुलाबी झाली, म्हणजे मेली. कोळंब्या तिच्यावर तुटून पडल्यात. झाडं फिकी, दोन पानं गळली. मासे सगळे आहेत, एक गोगलगाय गेली.
अक्कांनी चष्मा लावून काचेला नाक टेकवलं. "मागची भिंत दिसते रे." हो. मागची भिंत दिसते.
दादाचा मेसेज, रविवारपर्यंत सांग, नाहीतर ते दुसऱ्याला घेतील.

२८ फेब्रु., शुक्र.
महिना संपला. चार वाजता गेलो, निम्मं पाणी बदललं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात अजून थोडं हिरवं आहे, लपवलं नाही.
सहाच्या सुमारास टीव्हीवाला आला. डॉ.नीच बोलावलेला. टेपचं एक टोक धरायला माणूस नव्हता म्हणून मला म्हणाला, "तंबी, पिडी." धरलं. आपल्याच टाकीवरची भिंत आपणच मोजून दिली.
टोक धरून उभा, आणि खाली बघितलं तर पानांवर बुडबुडे. प्रत्येक पात्याच्या टोकाला, टाचणीच्या डोक्याएवढे, एकामागोमाग सुटून सरळ वर. पाणी बदललं की थोडे दिसतात. पण इतके मी दुकानातही बघितले नव्हते. झाडं जोरात आहेत.
डॉ. आले. "हे काय? पंप बसवला का?"
"नाही सर, झाडं सोडतात."
वाकून बघत राहिले. टीव्हीवाल्यानं दोनदा आकडा सांगितला, त्यांनी ऐकला नाही. आतनं नर्सनं हाक मारली. अक्का तेवढ्यात पणती लावून आल्या. मला डोळ्यांनीच थांब म्हणाल्या.
डॉ. सरळ झाले. "सोमवारी सांगतो." टीव्हीवाल्यालाही तेच म्हणाले.
खोलीवर येऊन दादाला लिहिलं, रविवारी नाही, सोमवारी सांगतो. त्याचं उत्तर नाही अजून.
गवत पाण्याच्या वरपर्यंत आलंय, सोमवारी छाटायला लागेल. लांब कात्री धुऊन पिशवीत ठेवली.