हिरवा दोर

१२ नोव्हेंबर १९७५, बुधवार

अप्पांना वेड लागलंय. दुसरं काय म्हणू? आज सुताच्या गाठोड्यांबरोबर ट्रकातून एक होडी उतरली. होडी! चाटी गल्लीत, सुताच्या बाजारात! पुण्याच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली. हमाल विचारतायत, "मालक, ही कुटं ठेवायची?" अन् अप्पा डाव्या हातानं परसाकडं बोट दाखवतायत. उजवा हात लकव्यानं गेला तो गेलाच. मार्चपासनं दुकान मी बघते, ते बाजेवर बसून असतात. बोलणं निम्मं कानडीत, निम्मं घशातच. त्यात ही होडी कशाला?

अव्वानं नवऱ्याकडं बघत कपाळाला हात लावला. "आता हीच एक ऱ्हायली हुती!"

१४ नोव्हेंबर

पोतंभर दोर. कुठला कशाचा, काही पत्ता नाही. अप्पा तरुणपणी कारवारला कापसाच्या दलालाकडं नोकरीला होते, तिथं शिडाची होडी हाकायला शिकले म्हणे. हे मला आज कळतंय! सव्वीस वर्षं एका घरात राहून!

दुपारी डोलकाठी उभी केली. एक दोर शीड वर चढवायचा. एक शिडाखालची आडवी काठी खाली ओढून धरायचा. अन् एक त्याच काठीला आत-बाहेर करायचा — म्हणजे शीड आवळायचं, सैल सोडायचं. सगळे पांढरे, सगळे सारखेच कळकट! मी दर वेळी नको तोच ओढते. शेवटी दुकानातनं रंगीत सूत आणलं. चढवायच्या दोराला लाल गुंडाळलं, खाली ओढायच्याला पिवळं, आवळायच्या-सोडायच्याला हिरवं.

अप्पा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज फजिती झाली. मी सगळे दोर सुताच्या गाठीनं पक्के केले — आमच्या धंद्यात तुटलेलं सूत जोडतात ती गाठ. बारीक, घट्ट, जन्मात न सुटणारी. ही गाठ मारताना माझा डावा हात आपसूक पुढं येतो आणि अव्वा अजून डोळे वटारते. लहानपणी मी डाव्या हातानं घास उचलायचे म्हणून अप्पांनी त्या मनगटाला सूत बांधलं होतं. हात ताटाकडं गेला की ओढायचे. लागलं वळण! आता जेवण काय, लिहिणं काय, सगळं उजव्यानं.

असो. तर हिरवा दोरही मी खुंटीला तसाच जखडून टाकला. शीड वर गेलं, तेवढ्यात वारा आला — होडी विटांवरून कलंडली ती थेट अव्वाच्या कडक भाकरीच्या टोपल्यावर! भाकरीचा चुरा. अव्वाचा जप सुरू. आणि अप्पा ओरडले, "कट्टब्याड! बांधायचा न्हाय त्यो! हिडी — धरायचा! वारं आलं की बिडू, सोडायचा! बांधलास की मेलीस!"

इतकं सलग बोलणं किती दिवसांनी ऐकलं. हसावं की रडावं, कळेना. गाठ काही सुटली नाही. कापावी लागली.

१९ नोव्हेंबर

आज लक्षात आलं. हिरवा दोर एका हातात. सुकाणू दुसऱ्या हातात. वळताना दोघांची अदलाबदल. म्हणजे माणसाला दोन हात पाहिजेत!

विचारलं, "अप्पा, तुमी कसं करणार?"

"बघू की."

बघू की!

२३ नोव्हेंबर, रविवार

अप्पांनी सुताराला बोलावून सगळ्या खुंट्या, कप्प्या डाव्या अंगाला बसवून घेतल्या. उजवीकडं एक ठेवली नाही. म्हणजे ठरलंच की. एकट्यानंच जायचंय त्यांना, त्या एका हाताच्या जिवावर.

अव्वा चुलीपुढं हळूच म्हणाली, "रत्ना, ह्येनी पाण्यावर जाणार आन् माघारी येणार न्हाईत. सांगून ठेवते."

मी तिच्यावर खेकसले. पण उन्हाळ्यात भरवताना अप्पा एकदा म्हणाले होते, "असल्या हातानं जगून काय करू?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आज दिवसभर तेच कानात आहे.

२५ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी मला होडीत बसवून तालीम. दोर कुठं अडकतो ते बघायचंय म्हणे. स्वतः बाजेवर बसून हुकूम सोडतात. हिडी. बिडू. हिडी. बिडू. शेजारपाजारचे गच्चीवरून बघतात. लाजेनं मेल्यासारखं होतं.

२६ नोव्हेंबर

हिरवा दोर लपवला. दुकानात, गाठोड्यांच्या मागं.

२७ नोव्हेंबर

रागावले नाहीत. विचारलंही नाही. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसले ते कितीतरी वेळ उठेचनात. मग जेवले नाहीत.

२९ नोव्हेंबर

दोर परत दिला. का दिला? मलाच ठाऊक नाही! त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही, माझ्या मनात काय आहे तेही कळत नाही. अडवलं तर या घरात त्यांना हसवणारी एकच गोष्ट मी काढून घेणार. नाही अडवलं तर मी कसली मुलगी? दोन्हीकडून माझंच चुकणार.

दोर कप्पीतून ओवला. टोकाला गाठ मारली, निसटू नये एवढीच. काम मात्र नीट केलं. वाईट करायला हात धजेना.

३ डिसेंबर

गिऱ्हाइकानं वीस नंबरचं सूत मागितलं, मी चाळीसचं दिलं.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या हिप्परग्याचं तळं. होडी न्यायला बैलगाडी ठरली. बहात्तरच्या दुष्काळात तिथं नुसत्या भेगा होत्या, यंदा काठोकाठ पाणी आहे. असायलाच हवं होतं का यंदा?

तिथं मासे धरणाऱ्या येडूला निरोप धाडलाय — तुझी नाव घेऊन जवळपास राहा. अप्पांना सांगितलं नाही. लाल, पिवळा, हिरवा, सगळे दोर पुन्हा पुन्हा ओढून बघितले. सगळे सरळ चालतात. मीच बसवलेत ना! अप्पांना पोहता येतं, पण एका हातानं? मला येतं. विहिरीत त्यांनीच ढकलून शिकवलंय.

उद्या मी काय करणार? ओरडणार? पाय धरणार? की गप होडी पाण्यात ढकलणार? सिद्धरामा, उद्या वारा पडू दे.

१४ डिसेंबर, रविवार

वारा होता.

अप्पा होडीत बसलेच नाहीत. मला म्हणाले, "चढ." मी? "मग काय मी? एका हातानं?" "मार्चपासनं गल्ल्यावर बसून हाईस. तोंड बघ की आरशात, किती सुकलंय. आन् त्या खुंट्या डावीकडं कुणासाटी बसवल्या?" मग माझं डावं मनगट धरलं — तेच, सूत बांधलेलं — आणि त्या हातात हिरवा दोर दिला. "हिडी," म्हणाले.

मी चढले, गेले! दोनदा घाबरून दोर सोडला. शीड फडफडलं, होडी थांबली, बुडाले नाही. येडू लांबून हसत होता. मी माघारी आले तेव्हा अप्पा गुडघाभर पाण्यात उभे.

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. डाव्या हातानं लिहितेय.