तलावाकाठच्या हॉलची तारीख

धाकटे,

उठलीस की आधी घड्याळ बघ. अकरा वाजून गेले असतील. तुझा गजर तुझ्या या ताईनेच बंद केला आणि चुकून नाही.

मामेबहिणीच्या लग्नाला परदेशात आलोच आहोत, तर ताई स्वतःच्या लग्नासाठीही इथे हॉल शोधते आहे, हे फक्त तुला ठाऊक होतं. काल तलावाकाठच्या हॉलवाल्या बाईंनी वही उघडली, तर ताईने ठरवलेल्या तारखेवर पहिलं नाव तुझं, तुझ्या लग्नासाठी! "बहिणींची आवड किती सारखी!" बाई म्हणाल्या. ताईने नुसते दात दाखवले आणि खाली दुसरं नाव स्वतःचं लिहून आली.

नियम तुला माहीत आहे. पहिल्या नावाने आज अकरापर्यंत स्वतः येऊन सही करायची, नाहीतर हॉल दुसऱ्या नावाला. ताई दहापासूनच हॉलच्या दारात बसणार आहे.

चहा झाकून ठेवलाय. गार झाला असेल, तसाच पी.

संध्याकाळी लग्नात मामा माइकवरून ताईची तारीख जाहीर करणार आहेत. पहिली टाळी तुझी हवी. ताई तुझ्याकडेच बघत असेल.

— तुझी ताई