राजिमला कोण गेलं होतं

१२ जून
पुण्याहून संपादकबाईंचा फोन. कथा दिवाळी अंकात घेतात म्हणे, पण एक अट. "ती घर सोडून गेली, ती परत आली, असं दुरून सांगू नका. त्या बाईलाच बोलू द्या. मी गेले, मी आले." वीस वर्षं लिहून राहिले, पहिल्यांदा कोणी घेतो म्हणालं. हो म्हणून टाकलं. मग फोन ठेवला अन् आठवलं, ती बाई मी नाही.

१३ जून
स्टाफ बस. तेलीबांध्याला चढले तर ऑफिसातल्या वनूनं नेहमीसारखी टिफिनची पिशवी ठेवून जागा धरली होती. कथा तिचीच आहे. दोन वर्षांमागं कोणाला न सांगता निघाली, डोंगरगडच्या धर्मशाळेत तीन दिवस राहिली, परत आली. नवऱ्यानं ना फोन केला, ना शोधलं. दार उघडून विचारलं फक्त, "कपाटाची चावी कुठं ठेवली होती?" शेजारपाजारी तिनं सांगितलं, माहेरी गेली होती. हे तिनं याच सीटवर सांगितलं, नवा रायपूर येईपर्यंत. अन् लिही म्हणाली तीच. "गाव बदल. माझं नाव कोणाले सांगू नको. तुझ्या मिस्टरलेही नाही." शब्द दिला. डोंगरगडचं राजिम केलं.
आज संपादकबाईंची अट सांगितली. हसली. "मी म्हण नाही तर ती म्हण. आमचा माणूस कुठं मराठी वाचते? हिंदी शाळेतला तो."

२० जून
पूर्ण परत लिहिली. 'मी राजिमच्या बसमध्ये बसले' लिहिताना हात थांबला. प्र. समोर बातम्या पाहत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी काय लिहिते ते नवऱ्यानं आजवर विचारलं नाही. आज विचारलं.
"काय लिहून राहिली?"
"गोष्ट."
"भात लागून राहिला."

१८ नोव्हें.
अंक मिळाला एकदाचा! इथं कुठं मिळते, दिवाळी होऊन गेल्यावर नणंदेनं नागपूरहून आणला. पान उघडलं. माझं नाव, खाली रायपूर. बंद केला, परत उघडला. भांडे घासता घासता रडले थोडं. आनंदानंच. काही काही दिवस असे येतात.

२२ नोव्हें.
प्र. वाचून राहिले. मराठी येते, पण हळू. रोज जेवल्यावर दोन पानं, चष्मा कपाळावर चढवून. आज संपलं. अंक मिटून ठेवला. मग,
"कधी गेली होती?"
"कुठं?"
"राजिमले."
"अहो, गोष्ट आहे ती."
"मी भिलाईले ट्रेनिंगले होतो, तेव्हा?"
"तेव्हा वॉशिंग मशीन बिघडली होती. मेकॅनिकच्या मागं फिरत होते मी."
"मेकॅनिकचं नाव काय?"
आता हे कोणाला आठवते! आठवलं नाही म्हणून अजूनच फसले.

३० नोव्हें.
मराठी मंडळातल्या बायका भेटल्या. "हिंमत केली गं बाई!" चौबे कॉलनीतल्या काकूंनी तर कोपऱ्यात घेतलं, "राजिमला उतरली कुठं होतीस? ओळखीचं होतं का कोणी?" गोष्ट कशी झाली, एकीनंही सांगितलं नाही. लेखिका होण्याची हौस होती, झाले घर सोडलेली बाई.

९ डिसें.
प्र. आता लवकर घरी येतात. दुपारी ऑफिसात फोन करतात, "पोचली ना?" पोचून चार तास झालेले असतात. काल माझी चप्पल दारात दिसली नाही तर गच्चीवर पाहायला गेले. मी बाथरूममध्ये. त्यांचा चेहरा पाहून जीव तुटला. एक नाव सांगितलं की संपते सगळं. पण शब्द दिला आहे.
वनूला सांगितलं. म्हणाली, "मी होती म्हणून सांगू का त्यायले?" मग लगेच, "नको. मिस्टर लोक एकमेकाले सांगतात." ते बी खरंच.

१४ जाने.
मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. माझा सत्कार, म्हणून पुरुषही बोलावलेले. शाल, श्रीफळ. अध्यक्षबाई म्हणाल्या, शेवटचं पान वाचा. शेवटच्या पानावर तर चावी! दुसऱ्या रांगेत वनू, शेजारी सुधाकरभाऊजी, तिचे मिस्टर. वाचत गेले. त्या वाक्याशी थांबून वनूकडे पाहिलं. मान हलवली तिनं. हो की नको, कळलं नाही. वाचलं. 'कपाटाची चावी कुठं ठेवली होती?'
सुधाकरभाऊजी जोरात हसले. "काय यार, असे बी नवरे राहतात का!" सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांच्याच. वनू हातात तिळगूळ घेऊन बसली होती. तो तसाच राहिला हातात.
मग अध्यक्षबाईंना काय सुचलं, "आता मिस्टरांनी दोन शब्द." प्र. कधी माइकसमोर उभे राहिले नाहीत. घसा खाकरला. म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण एक जागा खोटी आहे. त्यात नवरा शोधाले जात नाही. मी गेलो असतो." अन् खाली बसले.
टाळ्या पडल्या. मला शाल सावरता येईना.

१५ जाने.
बस. पिशवी होती जागेवर. वनूनं ती उचलून मांडीवर घेतली. मग, "इतके दिवस भेव वाटे, तो ओळखीन म्हणून. त्याले आठवलंच नाही. त्यानं बोललेलं, त्यालेच आठवलं नाही." हात धरून बसले. उतरताना म्हणाली, "तुझा गेला असता."
"हव."
"नशीबवान आहेस."

१९ जाने.
संपादकबाई. पुढच्या अंकासाठी अजून एक पाठवा. अशीच, 'मी'तली.
रात्री दिवा मालवल्यावर प्र., "मी आलो असतो. तुले माहीत आहे ना?"
"हव," म्हटलं. झोपले ते. मला झोप नाही. आले असते का? खरंच? भिलाईहून? मनापासून वाटतं की आले असते. पण सव्वीस वर्षांत मी कुठं गेलेच नाही, तर कळणार कसं?

२० जाने.
बसमध्ये वनूला विचारलं, डोंगरगडच्या धर्मशाळेत खोली मिळायला आधी सांगावं लागते का.
"काहून?"
गोष्टीसाठी, म्हटलं.