साकोलीच्या मोडावरचा हॉर्न

रायपूर

ती. आईले विनोदचा जयभीम.

मी बरा आहो. डोळे तपासल्यावर कंपनीनं मले बसवरून उतरवून इथं तिकीट खिडकीवर बसवलं. पंख्याखालचं काम आहे. फक्त बस सुटली का पाय अजून क्लच शोधते.

माही बस आता अंकुश नावाचा नवा ड्रायव्हर चालवते. मी बसवर नाही हे तुले कळू नये म्हणून आपल्या घराजवळ, साकोलीच्या मोडावर माह्यासारखाच हॉर्न वाजव, असं मीच त्याले सांगतलं. तू दारातूनच हात हलवशील वाटलं. तू तर डबा घेऊन धावत आली, अन् माह्या जागेवर त्याले पाहून डबा त्याच्याच हाती देऊन गेली म्हणे.

डबा भेटला. गुडघे कसे आहेत?

आता अंकुश तसा हॉर्न वाजवणार नाही. तरी कोणाचा हॉर्न आलाच, तर उठू नको, आई. तो माहा नाही.

तुहा,
विनोद