डाव्या टाचेचा खळगा

३ मार्च

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

बूट परत पाठवतेय. शिव्या द्यायच्या तर पत्रात द्या, आईसमोर नकोत. डाव्या टाचेखालचा खळगा पुन्हा अपुरा पडतोय. कुरूप वाढलंय, आणखी थोडं कोरा.

सध्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे. इथली इस्त्रीवाली नुसत्या चादरीवरून सांगते, खोलीतलं जोडपं भांडलंय की नाही. मी पैज लावली आणि हरले. असो, सांगायचं होतं वेगळंच. गेल्या महिन्यात शिंकले आणि बरगडी मोडली. मांड्यांत जोर नाही, कठडा ओढून जिना चढते. डॉक्टरांनी कॅल्शियमचा रिपोर्ट दाखवला, सगळं उत्तम. म्हणाले, मन थाऱ्यावर नाही म्हणून अंग कुरकुरतं, घरी जा, स्थिर व्हा. मी म्हटलं, मोडलंय ते हाड, मन नव्हे, आणि ताडकन निघाले. पण दाराला पाच पायऱ्या, त्यामुळे ताडकन निघायला बराच वेळ लागला.

घरी येणार नाही. लोभ आहेच, तो बुटांबरोबर परत धाडा.

तुमची,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आईला मी काही बोललो नाही, पण ती माझीच बहीण. पार्सल बघून ओळखलं. तुझी खोली झाडून ठेवलीय. म्हणते, आता गुमान घरी येऊन बस.

मीही तेच लिहिणार होतो. मग कोरायला घेण्याआधी तुझ्या पावलांचे कागद काढले. दर वर्षी तू पाऊल आखून पाठवतेस, दुखतं तिथे पेन्सिलीचा ठिपका. सगळे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. तीन वर्षांपूर्वी ठिपका मसुराएवढा, आता बोराएवढा. माझ्या हाताखालून हजारो टाचा गेल्या. खळगा मिळाला की कुरूप निवतं. हे वाढतंय. आणि तुझी दुखणी सुरू झाली ती ठिपक्यानंतर, आधी नाही.

चूक माझी. तीन वर्षं मी त्याला ऐसपैस घर करून देत होतो. आता कोरणार नाही. बूट माझ्याकडेच राहतील. कागद सोबत आहेत, मोठ्या इस्पितळात जाऊन टेबलावर पसर. चांभाराचं कोण ऐकतं म्हणू नकोस. ऐकेपर्यंत हलू नकोस. हट्टाला तू कुठे कमी आहेस?

कळावे, पाऊल जपावे.

मामा

९ एप्रिल

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

हलले नाही. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी तुमचे कागद एक्स-रेच्या दिव्यावर लावले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग रक्तातलं फॉस्फेट तपासलं. ते आजवर कुणी बघितलंच नव्हतं. हवं त्याच्या निम्मंही नाही.

मला समजलं ते असं. फॉस्फेटवाचून हाड पक्कं होत नाही, कमावल्यावाचून चामडं टिकत नाही तसंच. आणि शरीरात ते किती आहे, यावर नजर हाडच ठेवतं. जास्त झालं की ते रक्तातून मूत्रपिंडांना चिठ्ठी धाडतं, बाहेर टाका. पुरे झालं की चिठ्ठ्या थांबतात. माझ्या टाचेतलं ते कुरूप नव्हेच, आत गाठ आहे, आणि ती हाडाची खोटी सही करून सारख्या चिठ्ठ्या पाठवतेय. मूत्रपिंडं बिचारी आज्ञाधारक, सगळं सांडून मोकळी. वर चिठ्ठीत असंही लिहिलेलं, की आतड्यांनी नवीन घेऊ नये. दिवसातून चारदा फॉस्फेटचं खारट पाणी पिते, पण फुटक्या बादलीत किती ओतणार?

गाठ कॅन्सरची नाही, पण नसेला चिकटलीय. कापताना टाच कायमची बधिर होऊ शकते. आईचं पत्र आलं: कापू देऊ नकोस, घरी ये, औषध पीत बसून राहा. मामा, मी बसणार नाही. वीस तारीख ठरलीय.

आईला तुम्हीच सांभाळा. तुमच्या हट्टाचीच वारस,

भिंगरी

१६ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला एवढंच विचारलं, की बसून राहिलेली भिंगरी आपण ओळखू का? आज दुकानात आली, तुझे बूट उचलले आणि पॉलिश करत बसली. डावा दोनदा केला.

धीर धर म्हणत नाही. तुझ्याकडे तो जरा जास्तच आहे.

मामा

६ मे

ती. स्व. मामा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

गाठ निघाली. चण्याएवढी. तिच्यासाठी मी तीन वर्षं लंगडले याची मला खरंच लाज वाटली. पाचव्या दिवशी फॉस्फेट जागेवर आलं. चिठ्ठ्या बंद. हाडं भरायला वर्ष जाईल म्हणतात, तोवर कुबड्या. टाचेचा एक कोपरा बधिर आहे, तेवढा मी सोडून दिला.

सोबत पावलाचा कागद आहे. कडा वाकड्या आहेत, कारण वाकायला अजून जमत नाही आणि शेजारच्या खाटेवरची आजी हसवत होती. पण ठिपका शोधू नका, काढलेला नाही. यंदा खळगा नको. आहे तो बुजवून तळ सपाट करा.

आई, न्यायला येऊ नकोस. भेटायला ये, हवं तितकं राहा. बूट येताना घेऊन ये. कुबड्या सुटल्या की पहिलं काम ठरलंय: त्या दवाखान्याच्या पाच पायऱ्या. वर माझं काहीच काम नाही. नुसती चढणार आणि ताडकन उतरणार.

लोभ वाढवा, टाच वाढवू नका.

तुमची,
भिंगरी