आबांची पहिली सही

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. गल्लीच्या वळणावरचा दगडी कट्टा आज जेसीबीनं पाडला. शिरोलीच्या फौंड्रीतून रिटायर झाल्यापासून आमचे आजोबा, आबा, रोज संध्याकाळी त्याच कट्ट्यावर आपल्या चार जोडीदारांबरोबर बसायचे. घराबाहेर त्यांची म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

आणि तो पाडायचा अर्ज मी लिहिला! घरातली पहिली पदवीधर, म्हणून गल्लीचे सगळे अर्ज माझ्याकडे. काका म्हणाले होते, "वळणावरचं निरुपयोगी बांधकाम काढावं, एवढंच लिही." कुठलं बांधकाम, हे मी विचारलंच नाही. छान शुद्ध भाषेत लिहून दिलं. पहिली सही आबांची, तीही न वाचता. "माझ्या नातीनं लिवलंय, वाचायचं कशाला?"

मघाशी काकांना जाब विचारला. पाडलेल्या दगडांना खेटून त्यांची नवी गाडी उभी होती. म्हणाले, "आबांनी घरात बसावं की आता! आणि पयली सही त्यांचीच हाय."

निरुपयोगी. तो शब्द माझ्या अक्षरात आहे. काकांवर किती ओरडू?

आबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. ते एवढंच म्हणाले, "मग आता दुसरा लिव. कट्टा बांधून द्या म्हणून."

लगेच लिहिला. सहीसाठी पुढं केला, तर आबांनी चष्मा मागितला आणि ओळीवर बोट ठेवत अर्ज शेवटपर्यंत वाचला.